बॉनेटवरची हळद

किस्से काही ठरवून जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे असली आणि समोरच्यांनी पडदे लावलेले नसले, की पोळ्या लाटता लाटता ते आपोआप साठत जातात. आमच्या हॉलंडमधल्या न्यूनेन गावात पडदे लावायची पद्धतच नाही. मग माझ्यासारखीने बघायचं तरी कुठे? मैत्रिणी म्हणतात, तुला गल्लीतलं सगळं माहीत असतं. सगळं नाही हो. पण समोरच्या तेओकाकांच्या गॅरेजचं म्हणाल, तर सगळं!

त्या गॅरेजमध्ये सायीच्या रंगाची एक जुनी अमेरिकन मस्टँग आहे. लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू झाली की माझ्या रॅकमधल्या वाट्या एकमेकींवर वाजतात. तेओकाकांनी ती तरुणपणी घेतली आणि शेजारच्या सीटवर बायकोला बसवून अर्धा युरोप फिरवली. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. गाडी राहिली.

* * *

आम्ही इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. आमचे हे कंपनीच्या कामाला दुसऱ्या देशात, आणि रविवारी दुपारी आमच्या लेकीला, ईराला, सणकून ताप. ती तेव्हा कडेवर मावायची. सुट्टीच्या दिवशीचा डॉक्टर गावाबाहेर. फोनवर इंग्रजी बोलताना माझी तर बोबडीच वळली. मी पोरीला घेऊन दारात उभी, आणि समोर तेओकाका गाडी पुसत होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं दार उघडलं.

गाडी सुरू झाली आणि सकाळपासून रडणारी ईरा त्या धडधडीत गाढ झोपली. डॉक्टरच्या दारात इंजिन बंद केलं, तशी पुन्हा भोकाड.

आत डॉक्टरने विचारलं, घरी हिला कशाने बरं वाटतं?

तेओकाका म्हणाले, "पेट्रोलने."

तेव्हापासून ते ईराचे ओपा तेओ, म्हणजे आजोबा, झाले. मला मात्र ते आजही 'ब्यूरफ्राउ' म्हणतात. इथे शेजारणीला तशीच हाक मारतात.

* * *

अशा गाड्यांचे वेडे गल्लीत आणखी दोन होते. हेंक आणि यान. महिन्यातून एकदा तिघे गावाबाहेरच्या मैदानात गाड्या उभ्या करायचे, बॉनेट उघडायचे आणि कॉफी पीत आत बघत बसायचे. मला आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. नंतर कळलं, कौतुक चाललंय.

हेंकच्या हिरव्या कॅमारोचं इंजिन एका थंडीत फुटलं. नवं टाकायला बायकोने परवानगी दिली नाही. गाडी परसात गेली, तिच्यात कोंबड्या गेल्या. त्या मागच्या सीटवर अंडी घालतात. हेंक ती आम्हाला आणून देतो आणि दर वेळी तोंड वाकडं करून म्हणतो, "घ्या, आठ सिलिंडरची अंडी."

यानच्या गाडीचं मात्र वाईट झालं. जीव लावीन म्हणणाऱ्या एका माणसाला त्याने ती विकली. पुढे हेंकला इंटरनेटवर तिची दारं दिसली. मग सीट. मग स्टिअरिंग. सगळं वेगवेगळं विकायला ठेवलेलं. यान मैदानात यायचा बंद झाला. त्या दिवशी तेओकाका आमच्याकडे चहाला आले आणि कप हातात धरून बसून राहिले. शेवटी म्हणाले, माझी सुद्धा एक दिवस कुणाकडे तरी जाणारच. फक्त ती अख्खी राहायला हवी, आणि रस्त्यावर राहायला हवी.

* * *

आमचा इथला पहिला दसरा. आमच्याकडे गाडी नव्हती, नुसत्या सायकली. सायकलींची पूजा करून यांचं समाधान होईना. म्हणाले, पोरीला दवाखान्यात नेणारी गाडी समोर उभी आहे, तिची करू. तेओकाका म्हणाले, करा.

झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. इथे बॉनेटवर स्वस्तिक काढायचं नाही एवढं भान आम्हाला होतं, म्हणून यांनी ओल्या हळदीची नुसती पाच बोटं ओढली. मग गाडी लिंबांवरून पुढे गेली, आम्ही पेढे वाटले, सगळं छान झालं.

दुसऱ्या दिवशी धुताना हळद निघेना. जुना रंग, तो हळद प्यायला होता. हे घाबरून घरात बसले. मी गेले आणि छातीठोकपणे सांगितलं, काका, काळजी करू नका, ऊन लागलं की हळद आपोआप उडते.

आता हॉलंडमध्ये ऑक्टोबरात ऊन आणायचं कुठून? बिचारे वसंत येईपर्यंत आभाळाकडे बघत होते.

शेवटी एप्रिलात लख्ख ऊन पडलं. मी खिडकीतून बघते, तर तेओकाका लगबगीने बाहेर आले आणि बॉनेटवर जुनी चादर टाकू लागले! मी रस्ता ओलांडून विचारायला गेले. ते म्हणाले, या थंडीत गाडी एकदाही रुसली नाही. दर वर्षी रुसते.

"ऊन लागलं तर जाईल ना ती," ते म्हणाले आणि चादरीचं टोक नीट खोचलं.

* * *

पुढच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीला याच गाडीतून आणलं. मूर्ती शेजारच्या सीटवर. मंडळी मोरया म्हणून तयार, पण तेओकाका गाडी सुरू करेनात. आधी पट्टा बांधा म्हणाले. कुणीतरी समजावलं की काका, हा देव आहे. त्यांनी मान डोलावली, स्वतः उतरून पलीकडे गेले आणि बाप्पाच्या पोटावरून पट्टा लावून आले.

ढोल-ताशाला खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, परवानगी नाकारली होती. सगळे हिरमुसले होते. तेओकाकांनी मला विचारलं, पत्रात इंजिनाबद्दल काही लिहिलंय का?

नव्हतं लिहिलेलं. अशी दणदणीत मिरवणूक न्यूनेनने तोवर पाहिली नव्हती!

* * *

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, मधोमध धूसर होत गेले. पंचाहत्तरीनंतर इथे लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागतो. तो मिळाला नाही. त्या दिवशी किल्ली खुंटीला लागली.

पण रविवारी ते गॅरेजमध्ये जायचे, गाडीत बसायचे, सुरू करायचे आणि जागच्या जागी ऐकत राहायचे. इथे गवत कापायच्या यंत्राचा आवाज झाला तरी लोक तक्रार करतात. याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एका रविवारी सर्दीने ते झोपून राहिले आणि वाट्या वाजल्या नाहीत, तर चार घरची माणसं चौकशीला आली.

तरी विकायलाच हवी होती. उभी राहून गंजली असती. एक माणूस आला, त्याला तिच्यात बॅटरीची मोटर बसवायची होती. तेओकाकांनी त्याला शेजारी बसवून इंजिन सुरू केलं आणि विचारलं, यातलं तुम्हाला नक्की काय आवडलं नाही? तो गेला. मग ब्रेडा शहरातून एक जण आला. चांगला, नम्र. सगळं मूळचं ठेवीन म्हणाला. फक्त बॉनेटवरचे ते पिवळे डाग काढून नवा रंग मारीन. तेओकाकांनी बॉनेटवरून हात फिरवला. यानची दारं त्यांना आठवत असणार. हा निदान अख्खी ठेवणार होता. त्यांनी हो म्हटलं. गाडी न्यायला तो येणार, तो दिवस नेमका दसऱ्याचा निघाला.

* * *

दसऱ्याची इथे सुट्टी नसते. हे ऑफिसात, ईरा शाळेत. मी एकटीच हार आणि लिंबं घेऊन गेले. शेवटची पूजा तरी नीट व्हावी. पूजा झाली, आता गाडी लिंबांवरून जायला हवी. तेओकाकांनी खुंटीवरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

यांच्या नोकरीमुळे माझं भारतातलं लायसन्स मला इथे बदलून मिळालं होतं, पण ते नुसतं पर्समध्ये होतं. माहेरी शेतावरची जीप चालवली तेवढीच. मी बसले आणि सवयीने डाव्या हाताने गिअर शोधला. हात दारावर आपटला. तेओकाका म्हणाले, "दुसरा हात, ब्यूरफ्राउ." मग चाचपडत शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा बांधला.

क्लच जीपपेक्षा जड. गाडी हलली, खाली लिंबं फुटल्याचा आवाज आला. मी थांबायला गेले.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "डावीकडे."

डावीकडे, मग चर्चपासून उजवीकडे, मग मैदानाच्या बाजूने. त्यांनी डोळे मिटले होते. मी गिअर कधी बदलायचा ते त्यांना आवाजावरून कळत होतं. बोटाने गुडघ्यावर टकटक करायचे, की मी बदलायचा. कोंबड्यांना दाणे घालणारा हेंक भांडं हातात घेऊन बघतच राहिला. मी घामाघूम झाले होते आणि मला उतरायचं नव्हतं.

परत आलो, तर दारात ब्रेडाचा माणूस ट्रेलर लावून उभा. तेओकाकांनी काच खाली केली आणि अंदाजाने त्याच्याकडे तोंड केलं.

"माफ करा, गाडी विकायची नाही. मला ड्रायव्हर मिळालाय."

ते ऐकून माझा क्लचवरचा पाय सुटला. गाडीने जोराचा गचका खाल्ला, झेंडूचा हार त्या माणसाच्या पायाशी जाऊन पडला आणि इंजिन बंद.

सगळी गल्ली शांत. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला.

तेओकाका म्हणाले, "शिकतेय."