आत्याच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता

आदिलाबाद जिल्ह्यात हाताला घड्याळ बांधणाऱ्या बायका आणखीही असतील. घड्याळ नेसणारी मात्र एकटी माझी आत्या. ती इचोड्याच्या सबसेंटरला नर्स होती. तिच्या तरुणपणी घड्याळ म्हणजे पुरुषांचं, चावीचं, पोलादी; नंबर लावून मिळायचं आणि निवृत्तीपर्यंत मनगटावरून उतरायचं नाही. मग सेलची घड्याळं आली, आणि एका बऱ्या पातळाच्या किमतीत मनगट नटू लागलं. आत्याकडे हिरवं होतं, डाळिंबी होतं, बांगडीसारखं सोनेरी होतं. एकाच्या तबकडीभोवतीची चकती तर पातळागणिक बदलता यायची. भैंसा गावच्या बाजारात ती दुकानदारापुढे पदर पसरून तासभर रंग जुळवत बसे. तबकडीवर आकडे नसले की अधिकच खूष. "आकडे कायले पायजेत? बारा कुठं असतात थे मले ठाव नाही का?" सबसेंटरबाहेर बसलेल्या बाया मुद्दाम तेलुगूत वेळ विचारत, "टैमु एंता, अम्मा?" आणि ती मनगट असं काही वळवून दाखवी की वेळ न कळताच त्या तृप्त होत.

माझे वडील तिचे थोरले भाऊ, तिथेच शाळामास्तर. ते म्हणत, "बाई, तुह्या घड्याळात टाइम सोडून समदं हाये." ती त्यांच्या पोलादी घड्याळाला बैलाच्या गळ्यातली घंटी म्हणे. एकदा मात्र ती हसली नाही. "दादा, माय दुसऱ्याच्या वावरात राबली. सुट्टी कवा होते, थे मालक सांगे. माहं घड्याळ माह्यासाठी हाये."

पुढे तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिला धरलंच. "सिस्टर, इसमें सेकंड का काँटा किधर है? नाडी कैसे गिनते?" आत्याने एका हाताने रोग्याची नाडी धरली, दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याशी टेकवली, डोळे मिटले. एखादी देवीच अंगात यावी असा थाट! "मेरे बहत्तर ठोके हुए, के एक मिनट हुआ साब. रोज का हिसाब है." डॉक्टरांनी आपल्या घड्याळावर मोजून पाहिलं. आकडा जुळला. ते जीपमध्ये जाऊन बसले, आणि त्यानंतर वर्षभर आत्याची मान ताठ राहिली.

मग वडिलांना जुलाब झाले, ताप चढला. दोन दिवसांत डोळे खोल गेले. आत्या धावत आली, एक हात त्यांच्या मनगटावर, एक आपल्या गळ्याशी. "चौऱ्यांशी. घाबरू नको, वयनी." आईने सुटकेचा निःश्वास टाकला. आत्याने मात्र गळ्यावरची बोटं काढली नाहीत. तिचा चेहरा उतरत गेला.

"वयनी, माह्या छातीवर हात ठेव बरं."

आईने ठेवला. छाती धाडधाड उडत होती.

"माहं मिनिट खोटं हाये," आत्या म्हणाली. "बहात्तर लवकरच होऊन गेले."

तिने वडिलांचा दुसरा हात ओढला. तापातही त्यांनी ते पोलादी घड्याळ उतरवलं नव्हतं. त्याच्या सेकंदकाट्यावर तिने पुरं मिनिट मोजलं. किती भरले ते कोणालाच सांगितलं नाही. "काऊन गप झाली?" आईने विचारलं, तोवर ती अनवाणी हमरस्त्यावर जाऊन कापसाच्या ट्रकपुढे उभी राहिली होती. आदिलाबादच्या दवाखान्यात सलाईन लागलं. रात्रीपर्यंत थांबला असता तर माणूस गेला असता, असं तिथे सांगितलं.

वडील आणखी पुष्कळ वर्षं जगले. आत्या घड्याळं बदलतच राहिली. पण दर रविवारी घरी आली की आधी त्यांचा हात धरी आणि त्यांच्या घड्याळावर पुरं मिनिट मोजे. ठणठणीत माणूस, चहा थंड होतोय.

"झालं का, बाई?"

"बोलू नको, दादा. मोजून राह्यली."

मोजताना आत्याचे ओठ हलत, हे सगळ्या इचोड्याला माहीत होतं. त्या मिनिटात ते हलत नसत. ती मोजत नाही हे वडिलांना समोर दिसत असे, पण त्यांनी कधी हात सोडवून घेतला नाही.