पाठीला शेंदूर

भूकंपानंतर आमच्या आईने दगडाशी वैर धरलं. चाकूरजवळच्या आमच्या घराची एकच भिंत ढासळली होती, कुणाला खरचटलंही नव्हतं; पण किल्लारीकडच्या बातम्या ऐकून तिने उरलेल्या भिंतीही उतरवून घेतल्या. विटांच्या भिंती, वर पत्रे, आणि फर्मान निघालं, "आता ह्या घरात दगूड न्हाई." पाटा-वरवंटासुद्धा अंगणात गेला.

माझे वडील, अण्णा, शाळेत इतिहास शिकवायचे. सगळा तालुका पोरांना लातूरला क्लासेसना धाडायच्या नादात होता, मीही तिथेच खोली करून फिजिक्स घोकत होते. इतिहासाला कुत्रं विचारत नव्हतं. अशातच उन्हाळी नांगरटीला ट्रॅक्टरचा फाळ अडला आणि आमच्या रानातून छातीएवढा कोरीव दगड निघाला. खाली ढाल-तलवारीची लढाई, मधे मेलेल्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो महादेवाच्या पिंडीपुढे बसलेला. वीरगळ. मी बोर्डात आले असते तरी अण्णा इतके खूश झाले नसते, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

घरी आणायचा तर आईचा नकार. रानात ठेवायचा तर कुणी विहिरीच्या काठाला नेणार, कुणी धुणं आपटायला पालथा घालणार. शेवटी अण्णांनी तो बांधावरच्या कडुलिंबाखाली उभा केला. शाळा सुटली की आधी तिकडे, मग घरी.

आठवड्यात दगडाला शेंदूर लागला. तेलात कालवलेला, चांगला जाड. तलवारी बुजल्या, अप्सरांची नाकं गेली. अण्णांनी दुपारभर चिंधीने पुसून काढला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ते घरी येऊन तणतणले तेव्हा चुलीपुढून आई म्हणाली, "म्या लावला."

"तुला तर दगड नको होता!"

"घरात नको. पर तुमी सारखी त्याचीच काळजी करू लागलाव. शेंदूर लावल्याला दगूड कुणी उचलत न्हाई."

ते खरंच होतं, तरी दोन दिवस धुसफूस चालली आणि तोडगा निघाला. दगडाची पाठ रस्त्याकडे फिरवली. शेंदूर फक्त पाठीला, कोरीव बाजू आमच्या रानाकडे. वाटेने जाणारे हात जोडून जाऊ लागले.

सुट्टीत माझी खोलीवरची मैत्रीण आली. अण्णांनी वीरगळ दाखवल्यावर तिने विचारलं, "हे किती मार्कांना येतं?"

"एकाही मार्काला नाही," अण्णा म्हणाले आणि तासभर शिकवत राहिले. मला तेव्हा ते फार आवडले.

त्याच सुट्टीत एका दुपारी पत्रे खडखडले, जमीन हलली. आम्ही जेवण टाकून बाहेर पळालो. धक्का बारीकच होता, पण आई कुठे दिसेना. अण्णा बांधाकडे धावले. तिला शोधायला की दगड बघायला, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी मागोमाग गेले.

कडुलिंबाखाली आई गुडघ्यांवर बसली होती. मागून दोन्ही हातांनी वीरगळ कवटाळलेला, डोळे गच्च मिटलेले, गालाला, हनुवटीला, लुगड्याला शेंदूरच शेंदूर. अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोड आता. थांबलंय."

तिने एक डोळा उघडला. "तोंडावर पडला असता तर तुमच्या अप्सरांची नाकं गेली असती," ती म्हणाली.