बसा सर, बसा!

मुखेडच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. चार वर्षांपूर्वी माझं वजन एकशे सात किलो होतं. शेजाऱ्याचं पाहून मी पहाटे मैदानावर पळायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा असा सुजला, की पँट वर चढेना. शेवटी बायकोनं मला नांदेडला फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं.

मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. मला वाटलं, छापील तक्ता हातावर ठेवतील. पण त्यांनी आधी मला खुर्चीतून उठायला लावलं, गुडघे वाकवून पाहिले आणि विचारलं, "दिवसभर काय करता?"

"शिकवतो."

"बसून की उभं राहून?"

"उभं राहून," मी म्हणालो.

"खोटं बोलून राहिलेत, मॅडम," बायको म्हणाली. "वर्गात चाकाची खुर्ची हाय ह्यांची. फळ्यापर्यंत खुर्चीवरूनच जातेत."

मॅडम हसल्या नाहीत. "मग खुर्चीपासूनच सुरू करू. पळायचं नाव काढू नका. हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं. दुखलं की थांबायचं. आणि खुर्ची बिनचाकाची."

पहिल्या दिवशी तिसऱ्या वेळेलाच मी घामाघूम झालो. महिनाभरात दहापर्यंत पोचलो. एकदा मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये एकटाच हे करत असताना केंद्रप्रमुख तपासणीला आले. मी उठलेला पाहून त्यांना वाटलं, मान म्हणून उठलो.

"बसा सर, बसा."

बसलो. पुन्हा उठलो.

"अहो, बसा की!"

बसलो. उठलो. साहेबांचा चेहरा पडला. "सर, आमचं काही चुकलं का?"

दम लागल्यानं मला बोलता येईना. दहा पुरे झाल्यावर सगळं सांगितलं. साहेबांचं पोटही माझ्याच तोडीचं. त्यांनी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बघू बरं."

"साहेब, हे माझ्या गुडघ्याच्या मापाचं आहे," मी म्हणालो. तोवर ते उठायला लागले होते. दुसऱ्या वेळेला कंबर धरली आणि साहेब अर्ध्यावरच थांबले. शिपाई चहा घेऊन आला तेव्हा मी त्यांना बगलेत हात घालून धरलं होतं. चहा ठेवून त्यानं जाताना दार बाहेरून ओढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः नांदेडला जाऊन आले. त्यांना निराळंच मिळालं: आधी उताणं झोपून पाय उचलायचे, मग सपाट रस्त्यावर सावकाश चालायचं.

माझं वजन आता ब्याण्णव आहे. बारीक झालो असं कुणी म्हणत नाही. पण मागच्या महिन्यात लातूरला भाच्याच्या लग्नात मी कित्येक वर्षांनी खाली पंगतीत बसलो. उठता येईल का, ही धास्ती मनातून जाईना, म्हणून मधेच एकदा उठून पाहिलं. कुणाचा हात न धरता उठलो! आनंदानं बायकोकडे पाहिलं, तेवढ्यात वाढप्यांनी माझं जेवण झालं समजून पत्रावळी उचलली. तीत दोन जिलब्या होत्या.