टीव्हीतली बाई

काल ड्रॉवर आवरताना जुनी लांब एचडीएमआय केबल हाती लागली आणि नाहूरच्या घरातून दिलेला माझा पहिला ऑनलाइन इंटरव्ह्यू आठवला. घरच्यांनी ऐकू नये म्हणून मी बेडरूमचं दार लावून बसले होते. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत लॅपटॉपचा आवाज गेला. त्यावर विंडोज काढून लिनक्स मीच हट्टाने टाकलं होतं. बाबांचं "चांगलं मशीन बिघडवलंस" आता खरं ठरणार असं वाटलं. व्हॉल्यूम पूर्ण होता, म्यूटही नव्हतं. तेवढ्यात हॉलमधून आई ओरडली, "अगं, बाबांनी टीव्ही लावला तर त्यातली बाई तुझं नाव घेतेय! तू पण दिसतेयस!" आदल्या दिवशी मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला लॅपटॉपपासून दाराखालून टीव्हीपर्यंत नेलेली ही केबल तशीच राहिली होती. ती ओढून काढली, सेटिंगमध्ये आउटपुट स्पीकरवर घेतलं आणि बाईंना सॉरी म्हटलं. बाहेर आईने कुकर बंद केला, मग दाराशी येऊन हिरमुसल्या आवाजात कुजबुजली, "आता काहीच ऐकू येत नाही गं." नोकरी मिळाली. आता ऑफिसच्या कॉलला हेडफोन असतात, पण दार मी जरा उघडं ठेवते.