शांत म्हणायचं काम

कंपनीत त्यांना कानकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या यंत्रात होतं, पण ते यंत्राशिवाय दुसरं कुणी घेत नसे. वय सत्तावन्न, अंगकाठी सडसडीत, बोलणं बेताचं. काम म्हणाल तर ऐकण्याचं.

कंपनी लहान होती. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा, तो दाबून सिलिंडरांत भरायचा आणि ट्रकवर चढवायचा, एवढाच धंदा. हा वायू जळला की त्याचं पुन्हा पाणीच होतं, हे साहेब प्रत्येक पाहुण्याला अशा थाटात सांगत की ती व्यवस्था त्यांनीच लावून दिली असावी. साहेब चौतिशीचे, हुशार, आणि भविष्यात इतके गुंतलेले की वर्तमानाकडे बघायला त्यांना सवड होत नसे. पाहुण्यांच्या खोलीत भिंतभर हिरव्या पानाचं चित्र होतं. मागच्या शेडमधल्या कॉम्प्रेसरचं चित्र कुठंच नव्हतं. तो एका बुडालेल्या कंपनीकडून आलेला, तेल गाळणारा, म्हातारा प्राणी होता.

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. पेटला तरी भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. माणूस चालता चालता आगीत शिरू शकतो आणि शिरल्यावरच त्याला ते कळतं. म्हणून या धंद्यातली जुनी माणसं लांब दांड्याचा गवती झाडू पुढं धरून चालतात. झाडू पेटला की थांबायचं. इतक्या पुढारलेल्या उद्योगाचा जीव झाडूवर अवलंबून असावा याचं पाहुण्यांना हसू येई, त्यामुळं पाहुणे यायचे असले की तो दाराआड जाई.

झाडूच्या आधी मात्र कान. दाबाखालचा वायू बारीक फटीतून निघाला की शीळ घालतो. शेडमधला गळतीचा भोंगा वाजला की कॉम्प्रेसर बंद करायचा, दाराशी उभं राहायचं आणि साठपर्यंत आकडे मोजत ऐकायचं. शेजारचे पंखे चालूच राहत, म्हणून बाकी सगळ्यांच्या कानांवर जाड आवरणं असत. ती काढायची फक्त काकांनी. पूर्वी ते खताच्या कारखान्यात नळ जोडत. इथं नवे होते तेव्हा दारातूनच सांगत, "तिसऱ्या वळणाचा सांधा," आणि नेमका तोच निघे. काही नसलं तर म्हणत, "शांत." मग कुणीतरी आत जाऊन भोंग्याची कळ पुन्हा लावी.

नियमाप्रमाणं 'शांत' म्हटल्यावरही झाडू पुढं धरूनच आत जायचं. पण भोंगा आठवड्यातून तीनदा उगाच वाजे, कधी दमट हवेनं, कधी धुळीनं, आणि काकांचं 'शांत' कधी खोटं ठरलं नव्हतं. हळूहळू झाडू नेणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं, असा त्याचा अर्थ झाला. शेवटी लोक त्या झाडूनं शेड झाडायला लागले.

कान कधी गेले, हे काकांना नीट सांगता आलं नसतं. आधी घड्याळाचा गजर गेला, मग दाराची घंटा, मग फोनवरची नात. जाड आवाज शाबूत होते, त्यामुळं चारचौघांत निभावून जाई. बायकोला पहिल्यांदा कळलं.

"घंटा तीनदा वाजली," ती म्हणाली. "तुम्ही दाराला टेकून बसला होतात."

"वाचत होतो."

"चष्मा कपाटावर आहे तुमचा."

तिनं हातातल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मग म्हणाली, "कुणाजवळ बोलू नका. साठीपर्यंत ढकला."

ढकलायचं म्हणजे तपासणी पार पाडायची. कंपनी दरवर्षी सगळ्यांचे कान तपासून घेई. काचेच्या खोलीत बसवत, डोक्यावर आवरण आणि हातात बटण देत. टिक ऐकू आली की बटण दाबायचं. काचेपलीकडची नर्स आवाज सोडताना उजवा खांदा जरासा उचले. काका खांद्याकडे बघून बटण दाबत. दोन वर्षं त्यांचे कान उत्तम असल्याचा दाखला आला. दुसऱ्या वर्षी तर ते पहिल्या वर्षापेक्षा सुधारले होते. 'या वयात दुर्मीळ,' असा डॉक्टरांनी शेरा मारला आणि सही केली.

शेडमध्ये त्यांच्या हाताखाली त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. काकांनीच त्याला चिकटवला होता. चाळिशीचा, तोंडाळ, दोन मुलांचा बाप. भोंगा वाजला की म्हणे, "चला भाऊजी, तुमच्या बैठकीची वेळ झाली."

त्या दिवशी भोंगा साडेबाराला वाजला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेडचं छप्पर अर्धं पारदर्शक पत्र्याचं. कॉम्प्रेसर बंद झाला. काका दाराशी उभे राहिले, मान थोडी तिरकी करून, जशी ते नेहमी करत.

"शांत," ते म्हणाले.

"नक्की? की अजून एक आलाप घेताय?"

"जा रे, जेवायचं राहिलंय."

मेहुणा आत गेला. चार पावलं टाकून त्यानं भोंग्याच्या कळीकडे दोन्ही हात नेले आणि हवेतच कशाला तरी अडकल्यासारखा थांबला. बाह्या आधी तपकिरी झाल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या होत्या. मग तो ओरडला. हा आवाज जाड होता, काकांना ऐकू आला. त्यांनी त्याला कमरेला धरून मागं ओढलं. आग तिथंच होती आणि नंतरही कुणाला दिसली नाही.

दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, आणि गालाचा एक भाग.

चौकशीला बाहेरून तपासनीस आला. त्यानं दोन दिवस कागद वाचले. कागदांत सगळं नीट बसत होतं. ऐकणाऱ्याचे कान प्रमाणित आणि उत्तम. त्याला शीळ ऐकू आली नाही. अर्थात तेव्हा शीळ नव्हती. सांधा नंतर फुटला. कामगार झाडू न घेता आत गेला. सबब, कामगाराचा वैयक्तिक निष्काळजीपणा. अशा कामगाराला कामावरून काढतात.

"तुमच्यावर काही येत नाही, काका," साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. ते मनापासून सांगत होते.

काकांनी हे घरी सांगितलं. बायको नुकतीच इस्पितळातून आली होती. ती चपला न काढताच खुर्चीवर बसली.

"त्यानं मला विचारलं," ती म्हणाली. "म्हणाला, ताई, शीळ नव्हतीच ना? भाऊजींना आली असती."

"तू काय म्हणालीस?"

"पाणी पाजलं." मग ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्ही सांगून टाका."

"सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"माहीत आहे मला. गप्प बसा म्हणणारी मीच होते. आता सांगा म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइल पुढं सरकवली.

"हे दाखले आहेत तुमचे."

"खोटे आहेत."

"डॉक्टरांची सही आहे, काका."

"खांदा बघून बटण दाबत होतो, साहेब."

साहेबांनी फाइल परत ओढून घेतली. बहिऱ्याला दोन वर्षं दाराशी उभं केलं, असं ठरलं तर ते कुणी केलं, हा प्रश्न पुढं येणार होता. "तुम्हाला धक्का बसलाय," ते म्हणाले. "घरचा माणूस भाजलाय. आपण असं समजू की हे बोलणं झालंच नाही."

"मग तपासनीसांना सांगतो. त्यांच्याशी अजून झालं नाही."

तपासनीस जेवणाच्या खोलीत एकटाच बसला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि काकांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बराच वेळ गेला.

"काय ऐकलंत?" त्यानं शेवटी मोठ्यानं विचारलं.

"सुरू केलंत का?" काकांनी विचारलं.

तपासनीसानं शीळ घालायला आवळलेले ओठ पुसले आणि नवा कागद घेतला.

अहवाल बदलला. मेहुण्यावरचा ठपका निघाला. काकांना फसवणुकीबद्दल त्याच आठवड्यात काढलं. निरोपाचा चहा झाला नाही. कंपनीला न दिसणारी ज्योत दाखवणारा कॅमेरा घ्यायला लावला. साहेबांनी तो घेतला आणि त्याचा फोटो पानाच्या चित्राशेजारी लावला.

राहिला मेहुण्याचा प्रश्न. हात पाना धरण्याच्या लायकीचे उरले नव्हते. कान मात्र खरे होते. या वेळी डॉक्टरांनी नर्सला पडद्यामागं बसवून तपासले. साहेबांनी त्याला काकांची जागा दिली. कॅमेरा महाग होता आणि शेडच्या दोनच कोपऱ्यांत पोचत होता. मेहुण्यानं जागा घेतली. मुलं दोन होती.

कामावर रुजू होण्याआधी तो एका दुपारी बहिणीकडे आला. हातांवर घट्ट कातडीरंगाचे मोजे होते. काकांच्या समोर बसला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"ताई, त्यांना विचार, दारातून आधी कुठला सांधा ऐकायचा."

"आधी कुठला सांधा?" ती मोठ्यानं म्हणाली.

"तिसऱ्या वळणाचा. तो जुना आहे."

तिनं वहीत लिहिलं, कारण त्याला पेन धरता येत नव्हतं. एकजण बोलत नव्हता, दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळं प्रत्येक वाक्य तिला दोनदा उचलावं लागत होतं. दुसऱ्या वळणाचा सांधा, मग झडपेखालचा, मग टाकीकडे जाणारा. चार सांधे झाल्यावर मेहुणा थांबला.

"ताई, त्या दिवशी काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं का, विचार."

तिनं विचारलं. काका मोज्यांकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "आणि चाळीसच मोजले होते. भूक लागली होती. तपासनीसानं ते विचारलं नाही."

"साठ मोजले असते तर आलं असतं का ऐकू?" हे तिनं स्वतःच विचारलं.

"नाही."

तिनं पेन वहीवर टेकवलेलंच ठेवलं. मेहुण्यानं मोज्याची कड दातानं ओढून सारखी केली.

"विचार त्यांना," तो म्हणाला, "चौथ्यानंतर कुठला."

"चौथ्यानंतर कुठला?" ती मोठ्यानं म्हणाली, आणि काका सांगू लागले.