नाव नको, नमुना द्या

मारोतीभावजींना कुणी हिंगोलीहून अमुक आणा म्हणून नुसतं सांगितलं, की ते कानांवर हात ठेवत. "नाव नगं, वैनी, नमुना द्या. नाव वाटंत सांडतं." मग जुनी सुई, कंदिलाच्या काचेचा तुकडा, फुटकी बांगडी, चोळीच्या कापडाचा कोपरा असं सगळं त्यांच्या पिशवीत जाई. बाजाराच्या दिवशी दिवस उगवायच्या आत ते तट्टू घेऊन निघत. आम्हां पुसेगावच्या बायकांपैकी कितीजणींनी हिंगोली पाहिली होती? पण घरात सुईपासून औषधापर्यंत जे काही येई, ते हिंगोलीचं आणि भावजींच्या हातचं.

वाटताना मात्र गोंधळ ठरलेला. माझी बांगडी शेजारणीला, तिचं कापड मला. रागावलं तर म्हणत, "हिंगोलीत समदं बराबर व्हतं. हितं येऊन कसं बदललं, मलाच कळून न्हाई राहिलं!" आम्ही हसत हसत आपसांत अदलाबदल करून घेत असू.

औषधाच्या रिकाम्या बाटलीला मात्र ज्याच्या त्याच्या घरची चिंधी बांधायची, असा रिवाज होता. डॉक्टरची चिठ्ठी उर्दूत, ती गावात वाचणार कोण? निजामाचं राज्य जायच्या दोन वर्षं आधी माझी चार वर्षांची गोदी तापानं फणफणली. माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली बाटली भावजी घेऊन गेले आणि सांजेला दोन बाटल्या घेऊन दारात उभे राहिले. दोन्हींत लाल औषध, आणि चिंधी एकीलाही नाही. कंपाउंडरनं बाटल्या धुताना चिंध्या काढून टाकल्या होत्या; कोणती कुणाची, हे त्यानं नुसतं तोंडी सांगितलं आणि ते वाटेतच सांडलं. एक गोदीची, दुसरी पांडू म्हाताऱ्याच्या दम्याची.

"दोनी चाटून पाह्यल्या, दोनी कडूच. तुमची कोनती, कळंना."

"कोनती बी द्या!" मी ओरडले.

"न्हाई. म्हाताऱ्याची दवा लेकराला झेपंल का? इचारून येतो."

मी पदर पसरला. त्यांनी ऐकलं नाही. तट्टू थकलं होतं, ते आमच्या दारात बांधून सहा-सात कोस पायीच माघारी गेले.

गोदी पहाटे गेली. दुपारी भावजी बाटली घेऊन आले, घरातलं रडणं ऐकलं आणि अंगणातच बसून राहिले. त्यांना शिव्या द्याव्यात की त्यांचे पाय धरावेत, मला कळेना. आजही नीट कळत नाही. दिली असती एक बाटली तर? आणि तीच चुकीची निघाली असती तर?

त्यानंतर त्यांनी बाजार सोडला. गावाचं अडलं, पण कुणी त्यांना विचारायला गेलं नाही. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाला ताप आला. सासरे म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी धाडू. मी मात्र भावजींच्या दारात जाऊन उभी राहिले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

ते मान वर करीनात. "पुन्ना घोळ झाला तर, वैनी?"

"तर पुन्ना माघारी जा," मी म्हणाले.