मिनलच्या गालावरची लाली

माझी धाकटी जाऊ मिनल घरीच पार्लर चालवते, अन् तिच्याच तोंडावर नाकाच्या दोन्ही बाजूले लाल चट्टे. आता सांगा, याच्यावर लोक गप्प बसतील का? आमच्या नागपूरच्या महाल भागात तर नाहीच बसत. आयब्रो करायले आलेली बाई आरशात स्वतःले पाहायचं सोडून हिले पाहते अन् म्हणते, "मिनल, तू मुलतानी माती काहून नाही लावत वं?" कोणी कोरफड सांगते, कोणी हळद, कोणी म्हणते पोट साफ ठेव. मिनल प्रत्येकीले "हो काकू, लावते" म्हणते अन् दाताखाली दोरा धरून कामाले लागते. मी आत भाजी निवडता निवडता ऐकून राहते अन् माझं डोकं तापते.

तिले लुपस आहे. लग्न झाल्यावर वर्षभरात निघाला. अंगातली रोगाशी लढायची ताकद आपल्याच अंगावर उलटते, असा तो आजार. कधी सांधे धरते, कधी तोंडावर उमटते, अन् लक्ष नाही दिलं तर सीधा किडनीत जाते. त्यात ऊन चालत नाही. नागपुरात राहून ऊन चालत नाही म्हणजे काय, विचार करा! ती बिचारी स्कार्फ, हातमोजे, छत्री घेऊन भाजी आणायले जाते, तर गल्लीतल्या बायका म्हणतात, "फॅशन पाहा हिची." उचलली जीभ लावली टाळ्याले.

अन् लेकराची हौस तर विचारूच नका. डॉक्टर म्हणाले होते, आधी आजार शांत होऊ द्या, मग पाहू. तर ही थांबली. दुसऱ्यांच्या बारशात पाळणे म्हणत, आलेल्या नवऱ्या सजवत थांबली. शेवटी परवानगी मिळाली, दिवस गेले, अन् बाळंतपणाच्या अरुंधती मॅडमनं आम्हाले समोर बसवून सांगितलं, "हे बाळंतपण जोखमीचं आहे. बीपी रोज पाहायचा, लघवीची तपासणी चुकवायची नाही, आणि लुपसची ही गोळी काही झालं तरी बंद करायची नाही." मिनल "हो मॅडम" म्हणाली. माझा दीर जितेंद्र मौद्याच्या पावर प्लांटमध्ये, त्याच्या शिफ्टचा पत्ता नाही. म्हणजे स्कूटी मी चालवायची, दवाखान्यात नंबर लावून मी बसायचं, अन् घरी येऊन सासूबाईले समजवायचं तेही मीच. गोपिका आहे ना घरात!

पाचव्या महिन्यात मिनलची आई आली, नरखेडकडच्या गावावरून, संत्र्यांचं पोतं घेऊन. पंचफुलाबाई. बाई प्रेमळ आहे, खोटं कायले बोलू? पण कान अर्धे. तिनं मिनलच्या उशापाशी गोळ्यांचं पाकीट पाहिलं अन् ते उचलून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याले विचारायले गेली. तो म्हणाला, ही मलेरियात देतात, अन् अशा आजारातही देतात. मावशी पहिलं वाक्य ऐकून परत आली.

"अव माय! मलेरिया नाही, ताप नाही, अन् पोट्टीले मलेरियाची गोळी काहून देऊन राहिले तुम्ही?"

मी म्हटलं, "मावशी, ती तिच्या आजारासाठी होय. मॅडमनं सांगितली."

"बाई, आमच्या गावात नर्सबाई वाटत होती ही. जहर कडू! असं गरम औषध पोटातल्या लेकराले उतरते. मी चार लेकरं जन्माले घातली, एक गोळी नाही खाल्ली."

मी अर्धा तास डोकं फोडलं. शेवटी मावशी म्हणाली, "हो बाई, तुम्ही शिकलेल्या." मिनलले विचारलं, "समजलं ना तुले?" ती म्हणाली, "हो ताई." मले वाटलं, मिटलं. मावशी गावाले परत गेली, अन् मी पुन्हा आपल्या कामाले लागले.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण निघालं. त्याच आठवड्यात तपासणीची तारीख. सासूबाई म्हणाल्या, "कार्यक्रम झाल्यावर जा. दवाखाना कुठं पळून जात नाही." मी म्हटलं, आधी दवाखाना. पण माझं ऐकते कोण? जितेंद्र म्हणाला, "वहिनी, चार दिवसांनं काय फरक पडते?" भैताड कुठला! मिनल तर आम्हा तिघांकडे पाहून मान हलवून राहिली. मी हरले.

एप्रिलचं ऊन, दोन कूलर लावलेले, समोरच्या खोलीतल्या पार्लरच्या खुर्च्या हटवून झोपाळा मांडला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या. मिनल बसली अन् बायकांनी कालवा केला. "गालावर लाली पाहा कशी आली वं!" "पोरगी होते पाहा, आईले सुंदर करून राहिली." "पाय पण भरले. मस्त लक्षण आहे." आजवर जिले मुलतानी माती सांगितली, तिची आता दृष्ट काढायले निघाल्या! पंचफुलाबाई कार्यक्रमासाठी पुन्हा आलेली, ती तर मीठ-मोहऱ्या घेऊन उभीच होती, डोळ्यांत पाणी, लेक किती छान दिसून राहिली म्हणून.

पण मी तिले रोज पाहते. ती लाली तेजाची नव्हती, ते चट्टेच पेटले होते. सकाळी कासारीण आली तेव्हा हिरवा चुडा साबण लावून लावून चढवावा लागला. पापण्याही सुजल्या होत्या. मी वाकून हळूच विचारलं, "डोकं दुखून राहिलं का तुझं?"

"थोडंसं, ताई. फुलांच्या वासानं असेल."

"बीपी पाहिला होता आज?"

ती वाटीकडे पाहून राहिली. झालं! मी आतून मशीन आणलं अन् भर झोपाळ्यावर तिच्या दंडाले पट्टा बांधला. बायका म्हणाल्या, "अवं गोपिका, हे काय अभद्र!" मी म्हटलं, "गप बसा दोन मिनिटं!" वरचा आकडा पाहून मी पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तोच. मी पट्टा ओढून काढला.

"उठ."

सासूबाई आडव्या आल्या. "अवं, ओटी तरी भरू दे तिची!"

"नारळ टाका ओटीत अन् बाजूले व्हा, आई!" एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. फुलांच्या मुकुटासकट तिले ऑटोत घातलं, एका बाजूनं मी, एका बाजूनं पंचफुलाबाई. सिग्नलवर लोक वळून वळून पाहून राहिले होते.

दवाखान्यात धावपळ झाली. लघवीतून प्रथिनं जाऊन राहिली होती, आजार किडनीवर उतरला होता. अरुंधती मॅडमनं हातातली कामं टाकली अन् विचारलं, "मिनल, गोळी नीट घेत होतीस ना?"

मिनल म्हणाली, "आई गावाले गेली तेव्हापासून बंद केली, मॅडम."

मी ओरडले, "काहून वं? काहून? मले 'हो' म्हणाली होती ना तू?"

"ताई, मले माहीत होतं मले त्रास होईल," ती म्हणाली. "माझे सांधे दुखतील, तोंड लाल होईल. होऊ दे म्हटलं, मले सवय आहे. पण लेकराले काही झालं असतं तर? त्याले कायले शिक्षा?"

मॅडम तिच्या जवळ बसल्या. "त्या गोळीनं बाळाला काही झालं नसतं गं. ती बाळासाठीसुद्धा होती. तुझी तब्येत राखली तरच ते नीट वाढणार ना?"

मिनलनं तोंडावर हात घेतले अन् ती ढसाढसा रडली. मी बाहेर आले, अन् पंचफुलाबाई समोर दिसली. तिनं आतलं सगळं ऐकलं होतं. मी तोंडाचा पट्टा सोडला. वयाचा मान नाही, नात्याचा नाही. म्हटलं, "अर्धं ऐकून आल्या अन् दोन जीव टांगणीले लावले तुम्ही!" त्या दिवसापासून ती दवाखान्याच्या खालच्या पायऱ्यांवर बसू लागली. डबा आणायची, वॉचमनच्या हाती वर पाठवायची, स्वतः वर यायची नाही. मीही बोलवलं नाही. माझा राग जातच नव्हता.

पुढचे दिवस नुसते इंजेक्शनं अन् बीपीचे. मॅडम म्हणत, बाळ जितकं पोटात राहील तितकं चांगलं. थोडे आठवडे निघाले. मग एका दुपारी बीपी कोणत्याच औषधाले जुमानेना, मिनलच्या डोळ्यांपुढं अंधारी यायले लागली, अन् ऑपरेशन करून पोरगी काढावी लागली. दीड किलोच्या आतली. सरळ काचेच्या पेटीत. मिनल आयसीयूत, किडनी हळूहळू ताळ्यावर येऊन राहिली होती, पण तिले उठून बसताही येत नव्हतं.

पोरगी थोडी स्थिरावल्यावर नर्स म्हणाली, "बाळाला कोणाच्या तरी उघड्या छातीशी धरून बसवायचं आहे. तशी ऊब मिळाली की श्वास नीट चालतो, वजन वाढतं. आईला जमणार नाही, घरातली दुसरी बाई कोण आहे?" मी पुढं झाले, तर मले खोकल्याची उबळ आली. घरच्या कूलरचं पाणी बदलायले कोणाले फुरसत होती! नर्सनं दारातच थांबवलं. सासूबाईंचे हात थरथरतात. मी कपाळावर हात मारला अन् जिना उतरून खाली गेले.

पंचफुलाबाई पायरीवर बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. "मावशी, वर चला. नातीले घ्यायचं आहे."

ती मागं सरकली. "मी नको, बाई. माझ्यापायीच झालं हे. मी हात नाही लावत."

"आता नखरे नका करू! खोकला नाही ना? मग चला, हात धुवा कोपरापर्यंत."

नर्सनं तिले खुर्चीत रेलून बसवलं, लेकरू छातीवर पालथं ठेवलं, वरून चादर गुंडाळली. मी काचेबाहेर. मावशी अशी ताठरली की पापणी हलवेना. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, तो पुसला नाही. नर्सनं पाण्याचा पेला तोंडाजवळ नेला, तर मान हलवायचीही भीती. बऱ्याच वेळानं तिचे ओठ हलले. नर्स कान लावून ऐकून बाहेर आली, अन् हसावं की काय, असं तिचं तोंड झालं होतं.

"त्या विचारतात, गोपिकाबाईले विचारून सांगा, मी पूर्ण श्वास घेऊ का? छाती वर आली तर लेकरू हालन म्हणतात."

इतका वेळ ही बाई अर्ध्या श्वासावर बसली होती! मले राग आला, रडू आलं, खोकला आला, सगळं एकदमच. मी काचेवर टकटक केली, तिनं डोळे वर केले, अन् मी खोकत खोकत हातानं खूण करून ओरडले, "घ्या ना, मावशी! घ्या श्वास!"